वीरगळातलं गलबत

गोंदियाहून गाड्या बदलत तुम्ही जुन्या गोव्याला उतरता. चपलेच्या खाचेत अजून धानाच्या बांधीतली माती आहे. आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून फ्रान्सिस्कनांचा मठ. १८३५ साली संन्यासी गेले, १९६४ साली इथं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आलं. खाली ब्राँझचा आल्बुकेर्क उभा आहे. ज्यानं १५१० साली गोवा घेतला, तोच आता सरकारी दप्तरात एक वस्तू म्हणून नोंदलेला.

वर व्हाइसरॉयांची रांग. सगळ्यांचे चेहरे सारखेच आंबट. ही चित्रं पुन्हापुन्हा रंगवली गेलीत. रंगाखाली रंग, त्याखाली आणखी रंग. तुम्ही नाक जवळ नेता आणि एकदम जवसाच्या तेलाचा वास येतो. घरी चटणी कुटताना येतो, तोच!

साल १५४७. आल्बुकेर्कचं चित्र ओलं आहे. आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं हवीत, असा जुआंव द कास्त्रोचा हुकूम. गास्पार कोरेया चितारीच्या खांद्यावरून वाकून दाढी आणखी लांब करायला सांगतोय. तो आल्बुकेर्कचा कारकून होता, त्यानं तो माणूस पाहिलाय. चितारी इथलाच, त्यानं पाहिलेला नाही. तो मान डोलावतो, कुंचला बुडवतो. बाहेर तिसवाडीतली देवळं पाडून फार वर्षं झालेली नाहीत. तुम्ही त्याला नाव विचारता. तो दाढीत गुंतलेला. कोरेयानंही ते लिहून ठेवलेलं नाही.

खाली उतरता तेव्हा पायाखालची जमीन हलते. समोर कदंबांच्या काळचा वीरगळ. आपल्याकडं अशा दगडाला शेंदूर फासून मोकळे झालो असतो. वरच्या चौकटीत वीर शिवलिंगापुढं हात जोडून निवांत बसलाय. तुम्ही मात्र खालच्या चौकटीत, गलबतात. तळहाताला वल्हं घासतंय. शेजारच्याच्या घामाला मासळीचा वास. कुणीतरी ओरडतं, सगळे एकदम ओढतात. तुमचा हात अर्ध्या क्षणानं मागं पडतो, तसा पुढचा वल्हेकरी मान वळवून शिवी हासडतो. भाषा कळत नाही, शिवी कळते.

"वेळ झाली हो," रखवालदार किल्ल्या वाजवतो.

तुम्ही दगडाकडं पाहता. सगळ्या वल्हेकऱ्यांची तोंडं पुढं.