गालाचे हाड मोडले तर प्लेट कोणती?



क्रिकेटचा चेंडू, सायकलवरून पडणे किंवा गाडीचा अपघात, गालाचे हाड मोडायला एवढे पुरते. मग परक्या देशात, एक-दोन भेटींत सर्जनचे म्हणणे समजून घेऊन सही करावी लागते. आम्ही इंजिनियर, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न नेमके विचारता यावेत म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

आधी हे पाहा
दिसणे कमी झाले, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोळा दुखून पुढे येऊ लागला तर ताबडतोब इमर्जन्सीत जा. नाक शिंकरू नका, हवा डोळ्याभोवती शिरते. हाड जागेवरून हलले नसेल तर बहुधा ऑपरेशन लागत नाही. लागलेच तर सूज उतरल्यावर, साधारण दोन आठवड्यांच्या आत करतात.

प्लेट किती आणि कुठे?
गालाचे हाड चार पायांच्या स्टुलासारखे आहे. ते कपाळ, वरचा जबडा, कानशील आणि डोळ्याच्या खोबणीमागचे हाड यांना जोडलेले असते. ते किती फिरले आहे, किती तुकडे झाले आहेत हे सीटी स्कॅनवर पाहून एक, दोन की तीन ठिकाणी प्लेट लावायची ते ठरते. पूर्वी तारेने बांधत. तार ओढून धरते, पण हाडाचे फिरणे नीट रोखत नाही. १९७० च्या दशकापासून मिनिप्लेट रुळल्या.

वरच्या दाढांच्या वर चावण्याचा जोर येतो. तिथे आणि भुवईच्या बाहेरच्या टोकाला साधारण १.५ ते २ मिलिमीटर स्क्रूची प्लेट वापरतात. डोळ्याखाली कातडी पातळ, जाड प्लेट बोटाला लागते. म्हणून तिथे त्याहून बारीक.

टायटॅनियम
मजबूत, पातळ, हवी तशी वाकवता येते, गंजत नाही. त्रास नसेल तर सहसा काढत नाहीत. एमआरआय सहसा करता येतो, फक्त प्लेटजवळचे चित्र थोडे बिघडते. तंत्रज्ञांना आधी सांगा.

विरघळणारी प्लेट
पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या पॉलिमरची. हाड जुळेपर्यंत आधार देते, पुढे एक-दोन वर्षांत किंवा त्याहून सावकाश विरघळते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हिचा विचार होतो. पण ही जाड असते, स्क्रूसाठी आधी आटे पाडावे लागतात आणि सहसा महाग पडते. काहींना विरघळताना सूज येते.

सर्जनला विचारा
१. ऑपरेशन खरोखर लागेल का? नाही केले तर काय होईल?
२. किती ठिकाणी प्लेट? चिरा कुठून?
३. हीच प्लेट का?
४. गालाचा बधिरपणा कधी जाईल?
५. विम्यात प्लेटचा खर्च येतो का?

भेटीला आलेल्या आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स असेल तर शेवटचा प्रश्न आधी विचारा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही लगेच सांगा. अंतिम निर्णय सर्जनच्या सल्ल्यानेच घ्या.

काळजी घ्या, मंडळी!