डॉक्टर कोणाला म्हणायचे?

जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या कोणत्याही मुस्लिम मोहल्ल्यात फिरा, दवाखान्याच्या पाटीवर 'बी.यू.एम.एस.' ही अक्षरे दिसतील. हा खरा डॉक्टर की नाही, हा वादही त्या पाटीइतकाच ओळखीचा आहे. त्याची मुळे शोधत गेलो की आपण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत पोहोचतो. जळगाव तेव्हा पूर्व खानदेशात होते, धुळे पश्चिम खानदेशात, आणि दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात.

त्या वेळी आधुनिक डॉक्टरांतच दोन जाती होत्या. वरच्या पायरीवर एम.बी.बी.एस. पदवीधर आणि खाली लायसन्शिएट, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून एल.सी.पी.एस. किंवा तत्सम परवाना मिळवलेले. भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 47,500 डॉक्टर होते. त्यांपैकी जवळपास 30,000 लायसन्शिएट होते. सरासरी 6,300 माणसांमागे एक डॉक्टर, आणि तोही बहुधा शहरात. तालुक्याच्या गावी जो भेटे, तो बहुतेक वेळा लायसन्शिएटच असे.

तरीही 1933 च्या मेडिकल कौन्सिल कायद्यात या लायसन्शिएटांना जागा नव्हती. युद्ध आले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा 1943 मध्ये उभारलेल्या इंडियन आर्मी मेडिकल कोअरमध्ये त्यांनाही कमिशन मिळाले. युद्ध संपल्यावर त्यांचा प्रश्न साधा होता: रणांगणावर चाललो, तर रजिस्टरवर का चालत नाही?

भोर समितीने वेगळीच वाट काढली. यापुढे देशात एकाच दर्जाचा डॉक्टर हवा, लायसन्शिएट अभ्यासक्रम बंद करावेत. समितीतल्याच काही सदस्यांचा याला विरोध होता. एवढ्या मोठ्या देशाला पुरतील इतके पदवीधर कुठून आणणार, असे त्यांचे म्हणणे. पण निर्णय झाला. त्याच वर्षी पुणे आणि अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल स्कूलची कॉलेजे झाली. 1956 च्या नव्या कायद्याने जुन्या लायसन्शिएटांना मान्यता दिली, मात्र नवे तयार होणे थांबले. दर्जा वाढला, हे खरेच. पण सातपुड्याच्या पायथ्याला जाणारा डॉक्टर कोण, हा प्रश्न उघडाच राहिला.

डॉक्टरांच्या संघटनांना आणखी काळज्या होत्या. 1948 मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली आणि तिथल्या डॉक्टरांनी आधी कडाडून विरोध केला: आम्ही सरकारचे पगारी नोकर होणार का? त्याच वर्षी आपल्याकडे कामगार राज्य विमा कायदा आला. अमळनेर, धुळे, जळगावसारख्या गिरण्यांच्या गावांत हा प्रश्न परका नव्हता. पुढच्याच वर्षी मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. औषधातल्या अल्कोहोलचे काय करायचे, हा पेच वैद्य-डॉक्टर दोघांपुढे पडला. अखेर 1951 च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी द्रव्यांवरची बंधने रद्द केली.

आणि हकीम? भोर समितीने युनानी-आयुर्वेदाचा प्रश्न प्रांतांवर सोपवला. मुंबई इलाख्यात 1938 च्या कायद्याने वैद्य-हकिमांची वेगळी नोंदणी आधीच सुरू झाली होती. म्हणजे लायसन्शिएटचे दार बंद झाले आणि हकिमाचे अर्धे उघडे राहिले. त्याच काळात सल्फा आणि पेनिसिलिन आले. रुग्ण 'सुई' मागू लागला. ती देणाऱ्याला कायद्याने अधिकार आहे का, यावर आजवर भांडण चालू आहे. महाराष्ट्राने 1992 मध्ये अधिसूचना काढून भारतीय पद्धतीच्या नोंदणीकृत वैद्यकांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्तियार चंद खटल्यात सांगितले की राज्याच्या कायद्याने परवानगी असेल तरच हे चालेल. 2025 मध्ये हाच वाद होमिओपॅथीच्या डॉक्टरांवरून पेटला आणि आयएमएने संप पुकारला.

या वादात आपल्या समाजाचा थेट संबंध आहे. जळगावचे इकरा युनानी कॉलेज, अक्कलकुव्याचे युनानी कॉलेज, शेजारच्या मालेगावचे मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज इथून मुले-मुली डॉक्टर होऊन बाहेर पडतात. त्यांना 'झोलाछाप' म्हणणे अन्याय आहे. पण उलट बाजूने 'आमच्या समाजाविरुद्धचा कट' म्हणणेही चूक आहे. लायसन्शिएटांत सगळ्या जातिधर्मांचे लोक होते, त्यांचाही असाच अपमान झाला.

इथे हकीम अजमल खान आठवावेत. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा येऊ घातला होता, तेव्हा 1910 मध्ये त्यांनी वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद उभी केली. पण ते केवळ विरोध करून थांबले नाहीत. त्यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात तिब्बसोबत आधुनिक शरीररचनाही शिकवली जाई, दाईंना प्रशिक्षण मिळे. आम्हाला सूट द्या, एवढीच त्यांची मागणी नव्हती. शिकवण्याची जबाबदारी त्यांनी स्वतः घेतली होती.

आपल्या युनानी डॉक्टरांच्या संघटनांनीही हीच मागणी धरावी: आधुनिक औषध वापरायचे तर त्याचे रीतसर शिक्षण, सरकारी रुग्णालयात काम आणि परीक्षा. आयएमएनेही विरोधाबरोबर सांगावे की चोपडा-यावलच्या पाड्यावर रात्री कोण जाणार. 1946 मध्ये या प्रश्नाला बगल दिली गेली. मोहल्ल्यातला रुग्ण त्याची किंमत अजून मोजतो आहे.