दारूकोठार आणि हवेची टाकी

रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे जिजाबाईंसाठी जो वाडा उभारला गेला, त्याचे कारण परंपरेने असे सांगितले जाते की, उतारवयात त्यांना गडावरची थंड हवा मानवत नसे. आणि महाड-पोलादपूरच्या या मुलखात ज्याने आषाढ-श्रावणाचे दोन महिने सलग काढले आहेत, त्याला या कारणाची यथार्थता निराळी पटवून द्यावी लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे पडतो, मृगापासून हस्तापर्यंत गडाचा माथा बहुतेक ढगातच असतो, आणि भिंतीला हात लावावा तर हाताला पाणी लागावे अशी ओल घराघरांत भरून राहते. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि १७ जून रोजी, म्हणजे पाऊसकाळाच्या अगदी तोंडावर, जिजाबाईंनी पाचाडास देह ठेवला. त्यांची समाधी, वाड्याचा पडका तट, जोती आणि तक्क्याची विहीर पाहून प्रवासी पुढे गडाकडे वळतो. परंतु जी हवा राजमातेला सोसवली नाही, तिचाच उपसर्ग गडावरच्या आणखी एका वस्तूस होत होता, आणि त्या वस्तूची निगा कशी राखली जाई, याचा विचार रायगडाविषयी लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला नाही. ती वस्तू म्हणजे तोफेची आणि बंदुकीची दारू.

गोळा सर्वांना दिसतो, तोफेला नाव असते, गोलंदाजाचे कौतुक होते. पण गोळ्यामागचा जोर ज्यात साठवून ठेवलेला असतो त्या भांड्याकडे, त्या कोठीकडे आणि तिच्या पहारेकऱ्याकडे इतिहासाची दृष्टी क्वचितच जाते. वस्तुतः लढाईचा निकाल पुष्कळदा तेथेच लागलेला असतो. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन द्रव्यांची ही दारू. युरोपात कालांतराने स्थिर झालेले तिचे प्रमाण शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असे आहे. यांपैकी जळण्यास लागणारा प्राणवायू पुरवितो तो सोरा. शुद्ध सोरा हवेतील पाणी सहसा ओढून घेत नाही; परंतु जमिनीवरच्या क्षारयुक्त मातीतून काढलेल्या सोऱ्यात मीठ आणि चुन्याचे क्षार मिसळलेले असतात, आणि ते मात्र ओल अधाशीपणे शोषतात. म्हणून कच्चा सोरा पाण्यात उकळून, गाळून, निववून त्याचे खडे पाडावे लागत, आणि हे काम जितके चोख तितकी दारू टिकाऊ. त्यातही मोठी अडचण अशी की, एकदा चांगली भिजलेली दारू पुन्हा वाळवली तरी पूर्ववत होत नाही. पाण्यात विरघळलेला सोरा वाळताना आपले स्वतंत्र स्फटिक धरून बसतो, तिन्ही द्रव्यांचा मिलाफ मोडतो, आणि जी दारू एका क्षणात भडकावी ती फुसफुसत जळते.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे आज्ञापत्रातील दारूखान्याविषयीच्या आज्ञांचा मर्मार्थ नीट उलगडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले हे राजनीतिपर प्रकरण अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दीत लिहिले गेले. पण त्यात जो दुर्गविचार आहे, तो शिवकालापासून मुरलेल्या अनुभवाचा अर्क आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. त्याला तळघर करावे, आत लाकडी माच घालून त्यावर दारूची भांडी ठेवावी. ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी खुद्द हवालदाराने हजर राहून दारू, बाण, होके बाहेर काढवावे, त्यांस ऊन द्यावे, आणि पुन्हा आत ठेवून वर मुद्रा करावी. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून आसपास माणूस फिरकू देऊ नये, असा तो जाबता आहे. यातील प्रत्येक कलमामागे कारण आहे. जमिनीतून चढणारी ओल दारूला भिडू नये म्हणून माच. आठ-पंधरा दिवसांची मुदत अशासाठी की, ओल सोरा विरघळवण्याइतकी मुरण्यापूर्वीच तिला बाहेर घालवले पाहिजे. सालाअखेरीस एकदाच ऊन दाखवणे व्यर्थ होय. आणि मुद्रा अशासाठी की, कोठी शेवटची कोणी उघडली आणि तिची तपासणी केव्हा झाली याचा दाखला उरावा.

या अखेरच्या कलमात मराठी राज्यकारभाराची जी दृष्टी दिसते, तिचे मला विशेष मोल वाटते. गडाचा कारभार एकट्याच्या हाती नसे. हवालदाराकडे हुकमत, सबनिसाकडे हजेरी आणि जमाखर्च, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा इत्यादी सरंजाम, आणि सरनोबताकडे शिबंदी, अशी अधिकारांची वाटणी होती, ज्यामुळे एकाच्या गाफिलीवर दुसऱ्याचा डोळा राही. असे असूनही दारूला ऊन देण्यासारखे कंटाळवाणे काम अमात्यांनी कोणा कारकुनावर न सोपवता गडाच्या मुख्य अधिकाऱ्याच्या जातीने हजेरीशी बांधून टाकले, यात त्यांची व्यवहाराची जाण दिसते.

रायगडावर या तत्त्वाची रचना आजही पायांनी मोजून पाहता येते. राजवाडा, दरबार आणि बाजारपेठ हा गडाचा गजबजलेला भाग. तेथून जगदीश्वराचे देवालय ओलांडून पूर्वेस भवानी टोकाच्या बाजूस गेले म्हणजे बारा टाकी आणि दारूकोठाराचे अवशेष लागतात. राहत्या वस्तीपासून हे अंतर बेताचे नाही. बहुतेक लोक जगदीश्वरापाशी महाराजांच्या समाधीला मस्तक टेकवून माघारी वळतात, त्यामुळे या बाजूला वर्दळ कमी. पाण्याची टाकी आणि दारूची कोठी अशी एकमेकांच्या शेजारात यावीत यात योजना किती आणि कातळाची सोय किती, हे ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही. परंतु पाणी हाताशी असणे आणि माणसे दूर असणे हे दोन्ही गुण त्या जागेस आहेत.

१८१८ साली या सर्व बंदोबस्ताची शेवटची परीक्षा झाली. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होत्या. एप्रिलच्या अखेरीस कर्नल प्रॉथर याच्या हाताखालील इंग्रज फौज महाडकडून पाचाडास येऊन भिडली, उखळी तोफांचा मारा सुरू झाला, गडावरच्या वाड्यांना आग लागली, आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. एक गोळा नेमका दारूकोठारावर पडला आणि तेथून आग भडकली, असे गडावर वाटाडे सांगतात. ते कसेही असो. सारा वेढा पाऊस लागण्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत उरकला गेला, ही बाब ज्याला दारूचा स्वभाव ठाऊक आहे त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

दारूच्या या सगळ्या पीडा, म्हणजे ओल, धूर, ठिणगीचे भय आणि आवाज, टाळून गोळीमागे दुसरा कोणता जोर उभा करता येईल काय, हा प्रश्न युरोपातील कारागिरांना याच सुमारास पडला होता, आणि त्याचे एक उत्तर त्यांनी हवेतच शोधले. टायरॉलकडील बार्थोलोमेउस गिरांडोनी याने तयार केलेली हवेची बंदूक १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारली. तिचा दस्ता म्हणजेच लोखंडी पत्र्याची हवेची टाकी असे. हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारले म्हणजे ती भरे, दाब चौरस इंचाला आठशे पौंडांच्या आसपास जाई, आणि बाजूच्या नळीतल्या वीस गोळ्या एकामागून एक सोडता येत. ना धूर, ना ठिणगी, ना पावसाचे भय. असे असूनही १८१५ पर्यंत ती सैन्यातून गेली, आणि ती घालवली तिच्या टाकीनेच. पत्र्याच्या सांध्यांतून हवा गळे, कातड्याची बोंडे सुकली की धरत नसत, आणि दीड हजार दट्टे मारायला रणांगणावर सवड कोणाला? दारूची कोठी गेली, पण कोठीची जबाबदारी गेली नाही. ती डोंगरावरच्या तळघरातून निघून शिपायाच्या खांद्यावर येऊन बसली, इतकेच.

हाच धागा आमच्या काळातील एका खेळापर्यंत येऊन पोहोचतो. कोलाड, कर्जत, लोणावळा या बाजूच्या शिबिरांतून हल्ली तरुण मंडळी पेंटबॉल खेळताना दिसतात. अमेरिकेत वनखात्याची माणसे तोडावयाच्या झाडांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठी जे हत्यार वापरत, त्यातून हा खेळ निघाला. म्हणूनच त्या बंदुकीला अद्यापही मार्कर म्हणतात. पहिला डाव २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर संस्थानातील हेनिकर येथे बारा जणांनी मांडला. रंगाने भरलेली गोळी सुमारे सतरा मिलिमीटर व्यासाची असते आणि तिचा वेग सेकंदाला तीनशे फुटांपुढे जाऊ द्यावयाचा नाही असा दंडक आहे. आरंभी तिच्यामागचा जोर कार्बन डाय-ऑक्साइडचा होता. हा वायू बाटलीत द्रवरूपाने राहतो आणि त्याचा दाब ऋतुमानावर हेलकावे खातो: वीस अंश उष्णतेला चौरस इंचामागे सुमारे ८३० पौंड, तर तीस अंशांना हजाराच्या वर. म्हणजे आमच्या कोकणातल्या मे महिन्यात सकाळी जुळवलेला वेग दुपारी मर्यादा ओलांडून बसावा, आणि भराभर गोळ्या सोडल्या तर बाटली गारठून जोर एकदम बसावा, अशी त्याची तऱ्हा. म्हणून जाणत्या लोकांनी तो सोडून साध्या दाबलेल्या हवेची टाकी धरली. तिच्या तोंडाशी बसवलेला नियंत्रक आतला प्रचंड दाब उतरवून मार्करला साधारणतः आठशे पौंडांची हवा देतो; गिरांडोनीच्या दस्त्यातही दाब एवढाच होता, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. दोन शतकांत माणसाने गोळीमागचा जोर वाढवला नाही, तो साठवण्याचे भांडे सुधारले.

भांडी मुख्यतः दोन जातींची मिळतात. एक पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची, ४८ घन इंचांची, तीन हजार पौंड दाबाची. दुसरी ॲल्युमिनियमच्या पातळ अस्तरावर कार्बनचे तंतू गुंडाळलेली, ६८ घन इंचांची, साडेचार हजार पौंडांची. पहिलीत साधारण साडेचारशे गोळ्यांची हवा मावते, दुसरीत त्याच्या दुपटीहून थोडी अधिक, आणि वजनाने ती हातात बोजड वाटत नाही. किंमत अर्थातच फार जास्त. परंतु येथे एक खाचखळगा आहे. शिबिरावरचा कॉम्प्रेसर तीन हजारांपर्यंतच भरत असेल, तर महागडी टाकीही आपल्या सामर्थ्याच्या दोन-तृतीयांशावर थांबते, आणि वरच्या तिसऱ्या हिश्श्याचा पैसा अक्षरशः हवेत जातो. तेव्हा आपण जेथे खेळणार तेथला कॉम्प्रेसर किती दाबापर्यंत भरतो, हे आधी विचारून मगच टाकी निवडावी. क्वचित खेळणाऱ्यास लहान धातूची टाकी पुष्कळ झाली.

सह्याद्रीच्या पायथ्याशी खेळणाऱ्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली ओल. पावसाळी हवा दाबून भरली की तिच्यातले पाणीही आत जाते. कॉम्प्रेसरची गाळणी आणि शोषक वेळेवर बदलले नसतील तर पोलादी टाकी आतून गंजते, आणि हा गंज बाहेरून दिसत नाही. दुसरी गोष्ट येथला काळा पाषाण. तंतूंची टाकी दगडावर आदळून तिच्या गुंडाळीस खोल चरा पडला, तर ती टाकी बाजूस काढून तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुन्हा भरू नये. म्हणून तिच्यावर रबरी आच्छादन हवेच. भरावयाच्या तोंडाशी तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, कारण जोराने दाबलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते. घाईने भरलेली टाकी तापते आणि निवल्यावर तिचा काटा खाली येतो, म्हणून सावकाश भरावे. नियंत्रकाच्या अंगावर एक पातळ चकती बसवलेली असते. दाब मर्यादेबाहेर गेल्यास टाकीच्या आधी ती फुटावी अशी योजना आहे, आणि तिच्या जागी घरगुती जुगाड करणारा मनुष्य स्वतःच्याच नव्हे तर शेजाऱ्याच्याही जिवावर उदार झालेला असतो.

आमच्या देशात हवेची ही टाकी आणि दारूची कोठी एकाच कायद्याखाली आणलेली आहेत. १८८४ चा स्फोटक द्रव्यांचा कायदा मुळात दारू आणि तत्सम पदार्थांसाठी झाला. १९३८ साली जाहीरनामा काढून धातूच्या भांड्यात दाबून भरलेला वायूही त्याच्या कक्षेत घेतला गेला, १९४० साली पहिले नियम झाले, आणि हल्ली २०१६ चे नियम अमलात आहेत. त्यांचा अंमल ज्या खात्याकडे आहे त्याची मुख्य कचेरी नागपूरला आहे. अर्ध्या लिटरहून अधिक मापाचे भांडे सिलिंडर ठरते. ४८ घन इंच म्हणजे पाऊण लिटरहून अधिक, तेव्हा पेंटबॉलची सामान्य टाकी या नियमांत येते, आणि परदेशातून मागवलेल्या टाकीला या खात्याची परवानगी लागते. खेळणे म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे.

ज्यांना ही टाकी विकत घ्यावयाची आहे त्यांना माझी विनंती एवढीच की, रंग आणि किंमत पाहण्यापूर्वी टाकीच्या खांद्यावर ठोकलेली किंवा तंतूंखाली छापलेली अक्षरे वाचावीत. तेथे दाबाची मर्यादा, बनावटीची तारीख आणि पाण्याच्या दाबाने झालेल्या शेवटच्या चाचणीचा महिना व वर्ष असते. तंतूंच्या टाकीचे आयुष्य बहुधा पंधरा वर्षे धरलेले असते, आणि पुढच्या चाचणीची मुदत टाकीच्या जातीप्रमाणे नियमांत ठरलेली आहे. ही अक्षरे खरवडलेली असतील, रंगाखाली गेली असतील किंवा मुदत उलटून गेली असेल, तर ती टाकी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये, आणि दुसऱ्याची म्हणून उसनीही भरू नये.