मधुमेहींच्या पायाची जखम आणि पायावरचा भार उतरवणारी साधने

मधुमेह जुना झाला की अनेकांचे तळपाय बधिर होतात. खडा टोचला, नवी चप्पल चावली तरी कळत नाही. चवड्याखाली घट्टा पडतो, त्याखाली जखम होते आणि ती दुखत नसल्याने माणूस तिच्यावरच चालत राहतो. मलमपट्टी नियमित करूनही जखम भरत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

जखमेवरचा भार काढण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे पाय व पोटरीला सर्व बाजूंनी नेमके बसणारे, गुडघ्याखालपर्यंतचे प्लास्टर. त्यामुळे भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे मधुमेहींसाठीही ही पद्धत रुळली.

2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 12 आठवड्यांत प्लास्टर घातलेल्या सुमारे 90 टक्के रुग्णांची जखम भरली. काढता येणाऱ्या उंच बुटात 65 टक्के, तर अर्ध्या तळाच्या बुटात 58 टक्के. दोन वर्षांनी कळले की काढता येणारा बूट मिळालेले रुग्ण दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम 28 टक्के पावले बूट घालून टाकत होते. म्हणूनच काही डॉक्टर बुटाभोवती प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो न निघणारा करतात.

आपल्याकडे तर चप्पल दाराबाहेर काढायची रीत. देवघर, स्वयंपाकघर, रात्रीचे न्हाणीघर अशी 'दोनच पावले' दिवसाकाठी शेकड्यांवर जातात. घरासाठी स्वच्छ, वेगळा जोड ठेवावा. देवाची त्याला हरकत नसावी.

पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखम चिघळली असेल तर प्लास्टर सरसकट चालत नाही; ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवावे. उंच बुटामुळे दुसरा पाय आखूड पडतो, तोल जातो, तेव्हा त्या पायातल्या चपलेचा तळही वाढवून घ्यावा. ताप आला, वास येऊ लागला, प्लास्टर ढिले झाले किंवा भिजले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जखम भरल्यावर सुमारे 40 टक्के रुग्णांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. तेव्हा मऊ एमसीआर रबराचा तळ, मागे पट्टा आणि बोटांत अडकवायचा अंगठा नसलेली चप्पल घ्यावी. माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, उभे राहून द्यावे.