प्रसूतिकालीन इजा व नुकसानभरपाई

प्रसूतीच्या वेळी डॉक्टर, परिचारिका वा रुग्णालय यांच्या हयगयीमुळे अर्भकास कायमची हानी पोहोचल्यास तिच्याबद्दल दिला जाणारा द्रव्यरूप मोबदला. प्रसूती अडल्यास किंवा नाळ दबल्यास अर्भकाच्या मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो. त्यातून उद्‌भवणारा मेंदूचा पक्षाघात ही अशा दाव्यांतील सर्वांत गंभीर हानी होय. तथापि पुष्कळदा या विकाराचे मूळ गर्भावस्थेतच असते. त्यामुळे कारणनिश्चिती हा या विषयातील कळीचा प्रश्न ठरतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न अपकृत्याच्या कायद्याखाली येतो. दावा मुलाच्या नावाने, बहुधा पालकांमार्फत, दाखल होतो. हयगय झाली आणि तिच्यामुळेच इजा झाली, या दोन्ही गोष्टी वादीला सिद्ध कराव्या लागतात. १९५७ च्या बोलम खटल्यातील कसोटीनुसार, जबाबदार व्यावसायिकांच्या एखाद्या वर्गाला मान्य असलेली पद्धती अनुसरणारा डॉक्टर दोषी ठरत नाही. या कसोटीची कठोरता बर्मिंगहॅम येथील एका प्रकरणात दिसून आली. १९७० मध्ये तेथे चिमटा लावून प्रसूतीचा प्रयत्न झाला व अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. बालकाच्या मेंदूला गंभीर इजा झाली. प्रथम न्यायालयाने त्यास १ लाख पौंड मंजूर केले. परंतु अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि डिसेंबर १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने अपील न्यायालयाचा निर्णय कायम केला. अकराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या मुलास काहीही मिळाले नाही. जन्मापूर्वी झालेल्या इजेबद्दल जिवंत जन्मलेल्या मुलास दावा करण्याचा हक्क १९७६ च्या अधिनियमाने स्पष्ट केला होता. पण दोष सिद्ध करण्याचे ओझे तसेच राहिले.

दावा यशस्वी झाला, तरी रकमेचे गणित अवघड असते. शुश्रूषा, उपकरणे, सोयीचे घर व बुडालेली कमाई यांचा आयुष्यभराचा अंदाज एकाच वेळी बांधावा लागे. मूल अपेक्षेपेक्षा अधिक जगल्यास पैसा संपे; अकाली निवर्तल्यास उरलेली रक्कम वारसांकडे जाई. म्हणून २००५ पासून न्यायालयांना नियतकालिक हप्त्यांचा आदेश स्वतःहून देण्याचा अधिकार मिळाला. २०१३ मध्ये वैद्यकीय हयगयीच्या दाव्यांसाठी मिळणारे शासकीय विधिसाहाय्य सामान्यतः बंद झाले. गर्भावस्थेत, प्रसूतीत वा जन्मानंतरच्या आठ आठवड्यांत मेंदूला वा मज्जासंस्थेला इजा होऊन तीव्र अपंगत्व आलेल्या मुलांसाठी मात्र ते राखण्यात आले.

सारखेच अपंगत्व आलेल्या दोन मुलांपैकी एकास मोठी रक्कम मिळावी आणि दोष सिद्ध न झाल्याने दुसऱ्यास काहीच मिळू नये, या विषमतेतून दोषनिरपेक्ष भरपाईची कल्पना पुढे आली. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात-भरपाई योजना, तर स्वीडनमध्ये १९७५ पासून रुग्णविमा योजना अंमलात आली. ब्रिटनमधील पिअर्सन आयोगाने १९७८ मध्ये वैद्यकीय इजांसाठी अशी योजना सुचविण्याचे टाळले. मात्र तीव्र अपंगत्व असलेल्या सर्व मुलांना, कारण न पाहता, भत्ता द्यावा अशी शिफारस केली. अमेरिकेतील व्हर्जिनिया (१९८७) व फ्लॉरिडा (१९८८) या राज्यांनी प्रसूतितज्ञांना विमा मिळेनासा झाल्यामुळे अर्भकांच्या मेंदू व मज्जारज्जूच्या इजांसाठी स्वतंत्र निधी उभारले. या निधींचा लाभ घेण्यास पात्र ठरणाऱ्या कुटुंबाचा दावा करण्याचा हक्क मात्र सामान्यतः संपुष्टात येतो. जपानने २००९ मध्ये सुरू केलेल्या योजनेत आरंभी ६० लाख येन व पुढे वीस वर्षे दरवर्षी १२ लाख येन, अशी एकूण ३ कोटी येनांची तरतूद होती. प्रत्येक घटनेच्या कारणांची तज्ञांकडून चिकित्सा करून तिचा अहवाल कुटुंबाला व रुग्णालयाला देणे हे या योजनेचे वैशिष्ट्य होय.

भारतात अशी योजना नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत आल्या. सर्वच रुग्णांना मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळली गेली. चेन्नई येथील शासकीय रुग्णालयात १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मलेली एक मुलगी डोळ्यांची वेळीच तपासणी न झाल्याने अंध झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेले ५ लाख रुपये अपुरे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महागाई लक्षात घेऊन भावी खर्चापोटी १ कोटी ३८ लाख रुपये व झालेल्या खर्चापोटी सु. ४३ लाख रुपये मंजूर केले. त्या वेळी मुलगी अठरा वर्षांची होती. दोषावर आधारलेल्या पद्धतीत भरपाईची रक्कम वाढू शकते. परंतु उपचार व शिक्षण यांची निकड सर्वाधिक असलेली बालपणाची वर्षे निकालाच्या प्रतीक्षेतच सरतात.