शीत, भात आणि सरासरी

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण सहज म्हणून जातो. घरची गृहिणी रोज तेच करते. दोन शिते बोटांत घेऊन चेपते आणि सगळ्या पातेल्याचा निकाल देऊन मोकळी होते. वाचकहो, फराळाच्या ताटाशी गणिताचा विषय काढला म्हणून रागावू नका. पण विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात, त्यातले निम्मे या एका म्हणीत आले. उरलेले निम्मे, ही म्हण फसते केव्हा, ते सांगते. वरचा भात कच्चा आणि बुडाचा करपलेला असेल, तर वरचे शीत बिचारे काय सांगणार?

सांगलीत मी कित्येक वर्षे हा विषय पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवला. प्रथम सरासरी, मग प्रमाण विचलन. म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगले आहेत याचे माप. मुले जांभया देत. मग मी त्यांना सातारा जिल्ह्याचा पाऊस सांगे. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. काढा सरासरी! पावणेतीन हजार. या हिशेबाने दहिवडीला भाताची खाचरे डोलायला हवीत. वर्ग हसे, आणि सर्वांत मोठ्याने हसत ती आटपाडी-जतकडची मुले.

हा विषय आमच्या भागात आला फार उशिरा. गणित आधी आले आणि तेही केंब्रिजचा कोट घालून. १८९९ साली र. पु. परांजपे केंब्रिजच्या परीक्षेत पहिले आले, सीनियर रँग्लर झाले, आणि गणित म्हणजे रँग्लर हे समीकरण मराठी घरांत पाठ झाले. पुढे साताऱ्याचेच ग. स. महाजनी रँग्लर होऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सांगली-मिरजेच्या मधे विलिंग्डन कॉलेज काढले. बीजगणित, त्रिकोणमिती, भूमिती, कलन, सारे इंग्रजीतून. साताऱ्यात १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ म्हणत हाताला घट्टे पडलेली मुले याच गणितापुढे येऊन बसली.

संख्याशास्त्राची वाट पुण्यावरून आली. पुणे विद्यापीठ १९४९ चे. कोल्हापुरात जन्मलेले आणि केंब्रिजला जेफ्रींच्या हाताखाली तयार झालेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये तेथे या विषयाचा पाया घातला. आमची कॉलेजे तेव्हा त्या विद्यापीठाकडे होती. शिवाजी विद्यापीठ व्हायला १९६२ उजाडले. मधल्या काळात जिल्ह्याचेही दोन तुकडे झाले होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट याच्याही आधी सुरू होते. खटाव तालुक्यात बुध नावाचे गाव आहे. तेथे १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. १९३२ मध्ये ते फर्ग्युसनमधून गणित घेऊन पदवीधर झाले, पुढच्याच वर्षी लंडनला गेले आणि नेमान, पिअर्सन यांच्यापाशी संख्याशास्त्र शिकले. नेमान यांनी १९३४ मध्ये म्हटले होते, की पातेल्याचे आधी थर पाडा आणि ज्या थरात फरक जास्त तेथून शिते जास्त उचला. पण कोणत्या थरात फरक किती, हे आधीच कसे कळावे? सुखात्म्यांनी १९३५ च्या निबंधात याचाच विचार केला: आधी थोडी शिते घेऊन फरकाचा अंदाज बांधायचा आणि मग पुढची वाटणी करायची. महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात पाहिलेल्या माणसाला थरांची कल्पना उमगायला जड गेले नसेल, असे मला आपले वाटते. निबंधात अर्थात साताऱ्याचे नावही नाही.

त्यांच्या चरित्रात एक हकिगत येते. मायदेशी परतल्यावर ते पंडित मदनमोहन मालवीयांना भेटले. मालवीयजींनी विचारले, तुमच्या या विद्येचा गरिबाच्या भुकेला काय उपयोग? प्रश्न साधा होता, पण सुखात्म्यांना तो जन्मभर पुरला.

१९४० पासून ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. त्या काळी पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे पुरते पीक, आणि यंदाचे किती आणे ते डोळ्यांनी पाहून ठरवायचे. आण्यांवर शेतसाऱ्याची सूट-तहकुबी अवलंबून. त्यामुळे शेतकऱ्याच्या डोळ्यांना पीक सहा आणे दिसे, सरकारच्या डोळ्यांना दहा. (पुढे आणे गेले आणि तिचीच पैसेवारी झाली.) १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर तर देशात धान्य नेमके पिकते किती, हा प्रश्न जिवावरचा झाला. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेते निवडून, ठरावीक तुकडा कापून, धान्य मळून तोलण्याची रीत बसवली. हेच पीक कापणीचे प्रयोग.

तुकडा किती मोठा घ्यावा, यावर मोठा वाद होता. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवले, की तुकडा फार लहान घेतला तर पीक फुगते. कारण सांगितले की कोणीही मान डोलावील. कडेवरचे कणीस आत की बाहेर, अशी शंका आली की हात ते आत ओढतो. एक हात बाजूचा चौकोन घ्या: कड चार हात, क्षेत्र एक. दहा हात बाजूचा घ्या: कड चाळीस, क्षेत्र शंभर. लहान तुकड्यात कडेचा वाटा केवढा मोठा! शाळेतल्या भूमितीने देशाच्या कोठारातले खोटे धान्य असे पकडले.

१९५१ मध्ये ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. १९७० नंतर परत येऊन पुण्यात राहिले, आणि तेथे खरा सामना झाला. समोरचे गृहस्थही साताऱ्यात जन्मलेले: अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. १९७१ मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही दारिद्र्याची रेषा धरली आणि १९६०-६१ मध्ये खेड्यांतले सुमारे ४० टक्के, शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे मांडले. देश हादरला. सुखात्मे म्हणाले, २२५० ही सरासरी आहे. एकाच निरोगी माणसाची भूक आज एक तर उद्या दुसरी. शरीर जुळवून घेते. तेव्हा सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी मोजू नका, सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करा आणि तेथे रेघ ओढा. तसे केले की उपाशी माणसांची संख्या एकदम खाली येते. दांडेकरांना हे मान्य नव्हते. गरिबी आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी, एकीच्या मापाने दुसरी मोजू नये, असे त्यांचे म्हणणे. शरीर जुळवून घेते ते काय गमावून, असे इतर टीकाकारांनी विचारले. १९८० च्या सुमारास हा वाद इंग्रजी साप्ताहिकांतून मोठ्या हिरिरीने चालला.

पहिल्या वर्षाचे पहिले दोन धडे, आणि त्यांच्यामध्ये कोट्यवधी माणसे! कोणाला उपाशी म्हणायचे ते रेघ कोठे ओढता यावर ठरणार होते. मी वर्गात दोन्ही बाजू मांडून हात वर करायला सांगत असे. गणितात हुशार मुले बहुधा सुखात्म्यांकडे जात. मला विचाराल तर सुखात्म्यांची वजाबाकी मला चुकीची वाटत नाही. माणसे खरोखरच एका साच्याची नसतात. पण रोज कमीच मिळते म्हणून कमी खाणारा आणि आज भूक नाही म्हणून कमी खाणारा, हे दोघे त्या आकड्यात शेजारी शेजारी बसतात आणि ओळखू येत नाहीत. दांडेकर १९९५ मध्ये गेले, सुखात्मे १९९७ मध्ये. एका वर्षी माण तालुक्यातल्या एका मुलीने कोणत्याच बाजूला हात वर केला नाही. कारण विचारले तर म्हणाली, “सर, आधी बघाय पायजे, त्यांनी कुणाच्या घरी जाऊन मोजलं.”