एन्सिसहाइमच्या दगडाची ओळख

एखाद्या गांवीं ‘हा आकाशांतून पडलेला दगड’ म्हणून कांहीं दाखविलें जातें, तेव्हां विश्वास कशाच्या आधारें ठेवावा? अल्सास प्रांतांतील एन्सिसहाइम गांवाचा इतिहास या बाबतींत उद्बोधक आहे.

ता. ७ नोव्हेंबर १४९२ रोजीं मोठा गडगडाट होऊन तेथील शेतांत सुमारें १२७ किलो वजनाचा दगड पडला. लोक त्याचे तुकडे फोडून नेऊं लागले. अधिकाऱ्यांनीं तें थांबविलें. त्याच महिन्यांत तेथें आलेल्या मॅक्सिमिलियन राजानें तो शुभशकुन मानला आणि त्याच्या आज्ञेनें दगड चर्चमध्यें ठेवण्यांत आला. तीन शतकें तो तेथेंच होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्यास कोल्मार शहरीं नेण्यांत आलें.

तेथील रसायनाचे अध्यापक बार्तोल्द यांनीं त्याचें पृथक्करण करून १८०० सालीं निर्णय दिला कीं, हा दगड पृथ्वीवरचाच होय. आकाशांतून दगड पडतात असें मानणें त्या काळीं बहुतेक विद्वानांस कमीपणाचें वाटे. तीनशें वर्षें जपलेली गांवाची आठवण अशा रीतीनें भोळी समजूत ठरली.

हा निर्णय फिरण्यास आपल्या काशीक्षेत्राचा हातभार लागला. डिसेंबर १७९८ मध्यें काशीजवळ आकाशांतून दगड पडले होते. लंडनचे रसायनज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनीं ते, तसेच इंग्लंड, इटली व बोहेमिया येथें पडलेले दगड एकत्र तपासले. परस्परांपासून इतक्या दूर पडलेल्या या चारही दगडांतील लोहकणांत निकेल आहे, असें त्यांनीं १८०२ सालीं प्रसिद्ध केलें. भूमीवरील सामान्य खडकांत असे धातुकण सहसा आढळत नाहींत. पुढें पॅरिसच्या रसायनज्ञांनीं एन्सिसहाइमचा दगड पुन्हां तपासला; त्यांतहि निकेल निघालें. बार्तोल्द यांच्या पृथक्करणांत त्याचा पत्ता नव्हता.

ओळख पटली, तरी जात ठरावयाची होती. अशा दगडांतील बारीक गोल कणांवरून गुस्ताफ रोझे यांनीं १८६४ सालीं त्यांस ‘कॉन्ड्राइट’ हें नांव दिलें. आज एन्सिसहाइमचा दगड ‘एलएल ६’ या वर्गांत मोडतो. यांतील अक्षरें लोखंड व धातुकण कमी असल्याचें दर्शवितात. सहा हा अंक, मूळ पिंडांतील उष्णतेनें गोल कणांच्या कडा पुसट झाल्याचें सांगतो.

दगडाचा निम्म्याहून कमी भाग आज गांवच्या संग्रहालयांत आहे. तो केव्हां व कोठें पडला, हें गांवकऱ्यांच्या साक्षीमुळें कळलें. तो काय आहे, हें दूरदूरच्या दगडांशीं ताडून पाहिल्यावर कळलें. साक्ष आणि परीक्षा यांपैकीं एकीनें दुसरीस हंसूं नये, हेंच खरें.